दारावर आलेल्या पाद्र्याला एक बाई म्हणाली

१६७१ सालची गोष्ट. आज ज्याला आपण कॅनडाचा नोव्हा स्कोशिया प्रांत म्हणतो, तिथल्या पोर्ट रॉयल या फ्रेंच वस्तीत लोराँ मोलँ नावाचा एक फ्रान्सिस्कन पाद्री वही घेऊन दारोदार फिरत होता. फ्रान्सच्या राजाची खानेसुमारी चालू होती. घरात माणसं किती, वयं काय, गुरं किती, मेंढ्या किती, कसलेली जमीन किती, एवढंच त्याला लिहून घ्यायचं होतं. बहुतेकांनी सांगितलं. पिंपं बनवणाऱ्या प्येर लानूला वय विचारलं, तर तो म्हणाला की माझी तब्येत छान आहे, वय मात्र सांगणार नाही. एत्येन रोबिशो घराबाहेर निघून गेला आणि ‘गुराढोरांचा, जमिनीचा हिशेब मी देणार नाही’ हा निरोप त्याने बायकोकरवी पाठवला. प्येर मलांसाँ या शिंप्यानेही काही सांगितलं नाही. त्याची बायको तर पाद्र्याला म्हणाली, असल्या गोष्टींसाठी रस्तोरस्ती हिंडायला तुम्हाला काय वेड लागलंय?

पाद्र्याने हे सगळं वहीत उतरवून ठेवलं. म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही त्या बाईचा आवाज आपल्या कानावर येतो. पण त्या नोंदीत तिचं नाव नाही. ‘त्याची बायको’ एवढंच आहे. ती मार्गरीत मियुस दांत्रमाँ होती, हे दुसऱ्या कागदांवरून जुळवावं लागलं. अकेडियन पूर्वजांचा शोध म्हणजे नेमकं काय, असं मला कुणी विचारलं तर मी हीच नोंद दाखवीन. एका कागदात आवाज मिळतो, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात बापाचं नाव. आणि प्रत्येक कागद कुणी, कशासाठी लिहिला हे विचारल्याशिवाय त्यातलं माणूस दिसत नाही.

आधी हे लोक कोण ते पाहू. १६०४ मध्ये फ्रेंचांनी या किनाऱ्यावर पाय ठेवला आणि १६०५ मध्ये पोर्ट रॉयल वसवलं. संसार थाटून राहणारी कुटुंबं यायला १६३०चं दशक उजाडलं. या मुलखाला फ्रेंच ‘अकाडी’ म्हणत, म्हणून हे लोक अकेडियन. १६७१च्या खानेसुमारीत ते सगळे मिळून जेमतेम चारशेच्या आसपास होते. १७१३च्या उत्रेख्तच्या तहाने अकेडियाचा मोठा भाग इंग्रजांकडे गेला. अकेडियन मात्र तिथेच राहिले. धर्माने कॅथलिक, भाषेने फ्रेंच, आणि कुणाच्याही बाजूने हत्यार उचलणार नाही या भूमिकेवर ठाम. इंग्रज त्यांना ‘तटस्थ फ्रेंच’ म्हणत.

मग १७५५ आलं. २८ जुलैला इंग्रज गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स आणि त्याच्या मंडळाने या लोकांना उठवायचं ठरवलं. ५ सप्टेंबरला ग्राँ-प्रे गावच्या चर्चमध्ये कर्नल जॉन विन्स्लोने पुरुषांना आणि दहा वर्षांपासून पुढच्या मुलांना बोलावून घेतलं. ४१८ जण आले. दारं बंद झाली आणि त्यांना सांगण्यात आलं की तुमची जमीन, घरं, गुरं राजाने जप्त केली आहेत. पुढची आठ वर्षं हे चाललं. दहा हजारांहून जास्त माणसं जहाजांत भरून मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या इंग्रज वसाहतींत, इंग्लंडमध्ये, फ्रान्समध्ये फेकली गेली. किती तरी वाटेत मेली. या हकालपट्टीला अकेडियन लोक ‘ल ग्राँ देरांजमाँ’ म्हणतात, म्हणजे मोठी उलथापालथ. घर जळून गेलेल्या माणसांनी एवढा साधा शब्द वापरावा, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ असा की एकाच कुटुंबाचे कागद चार देशांत विखुरले. आजोबांचा बाप्तिस्मा नोव्हा स्कोशियात, लग्न इंग्लंडमधल्या बंदीवासात, मुलाचा जन्म फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात आणि नातवाचं लग्न अमेरिकेतल्या, तेव्हा स्पेनकडे असलेल्या लुइझियानात, तेही स्पॅनिश कारकुनाच्या अक्षरात. लुइझियानातले ‘केजन’ म्हणजे हेच लोक; अकाडियँ या शब्दाचं बोलीभाषेत झिजून केजन झालं.

सुरुवात मात्र नेहमी आजपासून करायची. नाव मोठं आहे, अमुक शूर पुरुष आपल्याच कुळातला असणार, असं धरून १७५५पासून खाली यायला लागलं की माणूस चुकतो. आपला जन्मदाखला, आई-वडिलांचा विवाहदाखला, आजी-आजोबांचा, अशी एकेक पायरी उलट चढत जायचं. कॅनडात आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रत्येक माणसाचं नाव लिहिणाऱ्या जनगणना सापडतात. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. आणि घरातल्या वृद्धांशी बोलणं कुठल्याही कागदाच्या आधी यायला हवं. अकेडियन गावांत एकाच नावाची इतकी माणसं असत की ओळख पटवायला बापाचं आणि आजाचं नाव जोडत: ‘प्येर आ जोझेफ आ पोल’, म्हणजे पोलच्या जोझेफचा प्येर. नावापुढे वडिलांचं नाव लावणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. एखाद्या आजीच्या तोंडची अशी साखळी म्हणजे तीन पिढ्यांची वंशावळ फुकट हाती आली.

आडनावांनी गोंधळ उडतो, त्याची तयारी ठेवावी. एकच घराणं बूद्रो, बूद्रोत, बूद्रू अशा वेगवेगळ्या अक्षरांत दिसतं, कारण लिहिणारा बदलला की वळण बदललं. इंग्रजी मुलखात राहिलेल्या काहींच्या आडनावांचं भाषांतरच झालं: लब्लाँचे व्हाइट झाले, लजनचे यंग झाले, आणि प्रिन्स एडवर्ड बेटावर ओक्वँचे वेज झाले. शिवाय टोपणनावं. जोझेफ ब्रूसारला सगळे ‘बोसोलेई’ म्हणत, आणि काही कागदांत नुसतं टोपणनावच येतं. मला विचाराल तर आडनावाच्या स्पेलिंगला कवटाळून बसू नये. नवरा-बायकोची जोडी, गाव आणि मुलांची नावं मिळून जे चित्र होतं त्यावर विश्वास ठेवावा.

जोडीवर विश्वास ठेवता येतो याचं एक फार मोठं कारण आहे. फ्रेंच कागदांत लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव तसंच राहतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘दानिएल लब्लाँ आणि फ्रान्स्वाझ गोदे यांचा मुलगा’ असंच लिहिलेलं असतं. तिला पुरताना तिच्या माहेरच्या नावाने पुरतात. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायचे, आणि त्या क्षणी मुलीचं माहेरचं नाव-आडनाव दोन्ही पुसलं जायचं. माझ्या पणजीचं माहेरचं आडनाव मला अजून मिळालेलं नाही. ज्यांनी छापलेले कुलवृत्तांत चाळले आहेत त्यांना ठाऊक आहे की मुलग्यांच्या फांद्या पानंच्या पानं वाढत जातात आणि सुना बऱ्याचदा एका शब्दात आटोपतात. म्हणून अकेडियन नोंदवही उघडली की मला आधी हेवा वाटतो.

या नोंदवह्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवलं की प्रत्येक धर्मग्रामातल्या पाद्र्याने विवाहांची वही ठेवलीच पाहिजे, वधूवरांची आणि साक्षीदारांची नावं लिहून. बाप्तिस्म्याचंही तसंच, धर्ममातापित्यांसकट, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्या दोघांसकट. गोव्यातली किंवा वसईची कॅथलिक घराणी आपल्या चर्चमध्ये जी वही पाहतात तिचा आणि अकेडियातल्या वहीचा उगम एकच आहे. त्यामुळे ज्याने एक वाचली त्याला दुसरीची मांडणी परकी वाटत नाही: दिवस, मुलाचं नाव, आईबाप, मग धर्मपिता आणि धर्ममाता. हे शेवटचे दोघं सहसा जवळचे नातेवाईक असत. काका, आत्या, मोठी बहीण, आजा. एखाद्या आईच्या माहेरचा पत्ता लागत नसेल तर तिच्या पाच-सहा मुलांचे धर्ममातापिता एका कागदावर लिहून पाहा. माहेरचं आडनाव त्यात पुन्हा पुन्हा डोकं वर काढतं.

पोर्ट रॉयलच्या चर्चच्या १७०२ ते १७५५ या काळातल्या वह्या टिकून राहिल्या. त्या हॅलिफॅक्सला नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागारात आहेत आणि मूळ पानांच्या प्रतिमा कुणालाही घरबसल्या पाहता येतात. ग्राँ-प्रेच्या वह्यांची कथा वेगळी आहे. १७०७ ते १७४८ या काळातल्या त्या वह्या हद्दपार झालेल्या लोकांनी आपल्यासोबत नेल्या. चीजवस्तू मागे टाकायला लागलेल्या माणसांनी जन्म-मृत्यू-लग्नांची वही मात्र जपली, आणि ती त्यांच्याबरोबर फिरत फिरत लुइझियानापर्यंत पोचली. आज ती बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या दफ्तरात आहे. शेजारच्याच रिव्हियेर-ओ-कनार गावच्या चर्चच्या वह्या मात्र कायमच्या गेल्या. बोबासँ या आणखी एका अकेडियन वस्तीच्या वह्यांतही मधली वर्षं गायब आहेत. त्यामुळे तुमचं कुळ ग्राँ-प्रेचं आहे की नदीपलीकडच्या गावचं, यावर किती मागे जाता येईल हे ठरतं. यात कुणाचा दोष नाही, पण शोधणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

तारखांचा एक खड्डा इथेच सांगून टाकते. फ्रेंच पाद्री आजचंच ग्रेगोरियन कॅलेंडर वापरत. इंग्रज १७५२च्या सप्टेंबरपर्यंत जुनंच वापरत होते. अठराव्या शतकात ते अकरा दिवस मागे होतं आणि १७५१पर्यंत त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे एकच घटना फ्रेंच वहीत एका तारखेला आणि इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रात वेगळ्या तारखेला, कधी कधी वेगळ्या वर्षातही, सापडू शकते. हे दोन वेगळे प्रसंग समजू नयेत.

आता या सगळ्या शोधातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग. वह्या नाहीत, खानेसुमारीत मूल दिसत नाही, तरी नातं कसं सिद्ध करायचं? उत्तर लग्नाच्या नोंदीत दडलेलं असतं. कॅथलिक चर्च जवळच्या रक्तात लग्न होऊ देत नसे, चौथ्या अंशापर्यंत. पण चारशे माणसांतून वाढलेल्या समाजात नात्याबाहेरचा वर आणायचा कुठून? मग पाद्री सूट मिळवून लग्न लावी आणि नोंदीत लिहून ठेवी: ‘तिसऱ्या अंशाच्या रक्तसंबंधाची सूट घेऊन’. अंश म्हणजे सामाईक पूर्वजापासून मोजलेल्या पिढ्या. सख्खी भावंडं पहिल्या अंशात, सख्खी चुलत-मावस-मामे भावंडं दुसऱ्या अंशात, आणि ज्यांचे पणजोबा-पणजी एक ते तिसऱ्या अंशात. ‘तिसरा ते चौथा’ असं लिहिलं असेल तर एका बाजूने तीन पिढ्या आणि दुसऱ्या बाजूने चार. सपिंडाच्या पिढ्या मोजणाऱ्या घरात वाढलेल्यांना ही मोजणी लगेच जमेल.

आता गंमत पाहा. तिसऱ्या अंशाची सूट घेतलेलं एक लग्न समोर आहे. प्रत्येक माणसाला पणजोबा-पणजींच्या चार जोड्या असतात. वधूच्या चारही जोड्या आपल्याला माहीत आहेत. वराच्या तीन माहीत आहेत आणि त्यातली एकही वधूच्या चारांत नाही. तर मग वराची हरवलेली चौथी जोडी वधूच्या चारांपैकीच एक असली पाहिजे. त्या वराच्या भावाने किंवा बहिणीने दुसऱ्या घराण्यात अशीच सूट घेऊन लग्न केलं असेल, तर चारांतल्या दोन-तीन शक्यता गळून पडतात, आणि शेवटी एकच उरते. ज्या बाईच्या जन्माचा एकही कागद उरलेला नाही, तिचे आईबाप तिच्या नातवंडांच्या लग्नांवरून सापडतात. मात्र एक गोष्ट तपासायची: सूट रक्ताची आहे की सोयरिकीची. विधुराने मेलेल्या बायकोच्या बहिणीशी किंवा चुलत बहिणीशी लग्न केलं तर तीही सूट लागे, पण तिथे वधूवरांचं रक्ताचं नातं नसतं. मॉन्क्टन विद्यापीठाच्या अकेडियन अभ्यास केंद्रातले वंशशास्त्रज्ञ स्टीफन व्हाइट यांनी हा मार्ग वर्षानुवर्षं वापरून १६३६ ते १७१४ या काळातल्या कुटुंबांचा कोश तयार केला, तो १९९९ मध्ये आला. त्याआधीच्या संकलनांत पिढ्या चुकीच्या जोडलेल्या पुष्कळ ठिकाणी आढळतात, आणि त्याच चुका आज संगणकावरच्या वंशवृक्षांत एकमेकांच्या नकला होऊन पसरलेल्या आहेत. शंभर जणांनी लिहिलं म्हणून ते शंभर पुरावे होत नाहीत. बहुतेकदा एकाच चुकीच्या शंभर प्रती असतात.

खानेसुमाऱ्या बऱ्याच झाल्या. १६७१नंतर १६८६, १६९३, १६९८, १७००, १७०१, १७०३, १७०७, १७१४. एकाच कुटुंबाला त्या ओळीने लावून पाहिलं की एखादा चित्रपट संथ गतीने पाहावा तसं वाटतं. मुलं वाढतात, एक नाव नाहीसं होतं, तेच नाव पुढच्या वर्षी जावई म्हणून दुसऱ्या घरात उगवतं. लब्लाँ घराण्याचंच घ्या. १६७१मध्ये दानिएल लब्लाँ पंचेचाळिशीचा शेतकरी आहे, बायको फ्रान्स्वाझ गोदे अठ्ठेचाळीस वर्षांची. ती त्याच्याशी लग्न करण्याआधी विधवा होती, आणि हे कळल्यावरच तिच्या वेगळ्या आडनावाच्या मुलीचं कोडं सुटतं. वयांवर मात्र फार विसंबू नये. पंधरा वर्षांनी झालेल्या गणतीत माणूस दहाच वर्षांनी मोठा झालेला दिसणं नेहमीचं आहे.

गुरं आणि जमिनीचे आकडे कोरडे समजून सोडू नयेत, कारण जीवन तिथेच आहे. अकेडियन शेती डोंगर तोडून केलेली नव्हती. फंडीच्या उपसागराची भरती जगातल्या सर्वांत उंच भरत्यांपैकी आहे, आणि त्या भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खाऱ्या दलदलीला बांध घालून त्यांनी शेतं काढली. बांधात ‘आब्वातो’ नावाची लाकडी मोरी असे. आत एक झडप. ओहोटीला शेतातलं गोडं पाणी झडप ढकलून बाहेर जाई, आणि भरती आली की समुद्राचं पाणीच ती झडप दाबून बंद करी. दोन-तीन वर्षं पावसाने मीठ धुतलं गेलं की जमीन सोन्यासारखी. कोकणातली खाजणं आणि गोव्यातल्या बांधावरची ‘मानस’ ज्यांनी पाहिली आहे त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहील. आणि खाजणाचा बांध एकट्याने राखता येत नाही हेही त्यांना माहीत आहे. म्हणूनच तिथे मुलगे, जावई, साडू शेजारी शेजारी राहत. गणतीतल्या घरांचा क्रम बऱ्याचदा नात्यांचा क्रम असतो.

१७५५नंतरचे कागद वाचायला मन घट्ट करावं लागतं. जहाजात कुणाला चढवलं याच्या याद्या बहुतेक जहाजांसाठी नाहीत. पण विन्स्लोने आपल्या रोजनिशीत ग्राँ-प्रे भागातल्या कुटुंबप्रमुखांची नावं, मुलगे किती, मुली किती, बैल-गाई किती हे लिहून ठेवलं. उपटून काढायच्या घरांची ती मोजदाद आहे. आज तीच वंशावळीचा आधार झाली आहे. मॅसॅच्युसेट्सच्या अभिलेखागारात ‘तटस्थ फ्रेंचां’चे दोन मोठे खंड आहेत. त्यात गावोगावच्या पंचांनी या कुटुंबांना दिलेल्या धान्याची, सरपणाची बिलं आहेत आणि त्यांच्याबरोबर नावं व वयं. तिथेच आईबापांचे अर्जही आहेत. १७५६च्या एका अर्जात ते म्हणतात की घरं गेली, देश सुटला, पण डोळ्यांदेखत मुलं ओढून नेऊन परक्यांच्या घरी कामाला लावतात, त्यापुढे ते दुःख काहीच नाही.

लब्लाँ घराण्याचा धागा इथे पुन्हा सापडतो. दानिएलचा नातू रने लब्लाँ ग्राँ-प्रेचा नोटरी होता. इंग्रजांची चाकरी केली म्हणून त्याला इंग्रजांच्या शत्रूच्या कैदेत वर्षं काढावी लागली होती. तरी १७५५मध्ये त्यालाही जहाजात घातलं. पेनसिल्व्हेनियातल्या अकेडियनांनी नंतर राजाला जो अर्ज केला, त्यात लिहिलंय की त्याला वीस मुलं आणि दीडशेच्या आसपास नातवंडं होती, ती वेगवेगळ्या वसाहतींत पांगली. तो बायको आणि दोन धाकट्या मुलांसह न्यूयॉर्कला उतरवला गेला, मग फिलाडेल्फियात आणखी तीन मुलं सापडली, आणि तिथेच तो वारला. वीसपैकी पाच. हा अर्ज वंशावळीसाठी लिहिलेला नाही, न्याय मागण्यासाठी लिहिलेला आहे, पण त्याने एका म्हाताऱ्याची शेवटची वर्षं आपल्यापर्यंत पोचवली.

व्हर्जिनियाने आपल्या वाट्याचे लोक ठेवून घ्यायला नकार दिला, म्हणून ते १७५६मध्ये इंग्लंडला गेले. लिव्हरपूल, ब्रिस्टल, साउदॅम्प्टन इथे सात वर्षं. देवीच्या साथीने कितीतरी दगावले. १७५८मध्ये आजच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरूनही लोकांना हाकललं, आणि त्या डिसेंबरात ‘ड्यूक विल्यम’ आणि ‘व्हायोलेट’ ही दोन जहाजं शेकडो माणसांसह बुडाली. एखाद्या कुटुंबाच्या नोंदी १७५८ला अचानक थांबत असतील तर हे आठवावं. १७५९च्या जानेवारीत फ्रान्सच्या सँ-मालो बंदरात पोचलेल्या पाच जहाजांची यादी मात्र आहे, आणि तिच्यात समुद्रात कोण मेलं, उतरल्यावर कोण मेलं हेही नावानिशी आहे. ती मी एका बैठकीत पुरी वाचू शकले नाही.

या अंधारात एक दिवा आहे. १७६३मध्ये इंग्लंडमधून सुटलेल्या अकेडियनांपैकी काही आणि आधीच फ्रान्सला पोचलेले काही, अशी ७८ कुटुंबं १७६५मध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावर वसवली गेली. त्यांच्याकडे जन्माचा, लग्नाचा कुठलाच कागद नव्हता. तेव्हा १७६७मध्ये ब्रिटनीच्या न्यायसभेने हुकूम काढला की प्रत्येक कुटुंबप्रमुखाने शपथेवर आपलं कूळ सांगावं आणि ते लिहून घ्यावं. मग ही माणसं एकेक करून उभी राहिली आणि पणजोबा-खापरपणजोबांपर्यंत सांगत गेली: अमुक फ्रान्सहून आला, त्याची बायको अमुक, त्यांची मुलं ही, त्यातला हा कुठे मेला, ती कुठे आहे ठाऊक नाही. सगळं आठवणीतून. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय आपल्या वहीतून पिढ्या वाचतात. इथे वहीच जळालेली, तर माणसं स्वतःच वही झाली.

आठवण चुकतेही, आणि कशी चुकते ते पाहण्यासारखं आहे. ज्याँ ब्लांशार नावाच्या मूळ पुरुषाबद्दल वंशजांनी सांगितलं की तो बायकोसह फ्रान्सहून आला. पण बायकोचं नाव त्यांनी चुकीचं सांगितलं. १६७१च्या खानेसुमारीत ती रादगोंद लांबेर आहे. नाव चुकलं म्हणून पुष्कळांनी त्या जबान्या बाजूला सारल्या आणि रादगोंद ही मिकमॅक, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजातली असल्याचं मानलं. ही गोष्ट अनेक घरांत अभिमानाने सांगितली गेली. मग डीएनए चाचण्या आल्या. आईकडून मुलीला आणि मुलीकडून तिच्या मुलीला जवळजवळ न बदलता जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए तिच्या सरळ स्त्रीवंशजांत तपासला, तेव्हा तो ‘एक्स’ गटाच्या युरोपीय शाखेचा निघाला. उत्तर अमेरिकेच्या मूळनिवासींत आढळणारी शाखा निराळी आहे. म्हणजे जबानी देणाऱ्यांना नाव आठवलं नव्हतं, पण ‘ती फ्रान्सहून आली’ हे बरोबर आठवलं होतं.

याचा अर्थ मिकमॅक आणि अकेडियन यांच्यात सोयरिकी झाल्याच नाहीत असा नाही. मियुस घराण्याच्या एका शाखेत त्या कागदावर आहेत, आणि १७०८च्या मूळनिवासींच्या गणतीत अशी कुटुंबं भेटतात. फक्त प्रत्येक दाव्याला त्याचा स्वतःचा पुरावा हवा. घरोघरी विकत मिळणाऱ्या साध्या डीएनए चाचण्यांबद्दलही हेच. चारशे माणसांतच पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्यामुळे दोन अकेडियन माणसं एकमेकांशी दहा बाजूंनी नात्यात असतात. त्या सगळ्या लहान लहान तुकड्यांची बेरीज होऊन संगणक सांगतो की हे दोघं चुलत भावंडं आहेत. प्रत्यक्षात नातं आठ पिढ्यांपलीकडचं असतं.

समुद्रापलीकडे, फ्रान्समध्ये नेमकं गाव शोधायला निघालेल्यांनी धीर धरावा. पहिल्या कुटुंबांपैकी थोड्यांचाच मूळ गावाचा कागद हाती लागतो. पश्चिम फ्रान्समधल्या ला शोसे या लहान गावच्या चर्चमध्ये १६४५ साली माद्लेन ब्रँ या मुलीचा बाप्तिस्मा झाला, वडील विन्सां, आई रने. पुढे हेच कुटुंब पोर्ट रॉयलच्या खानेसुमारीत भेटतं. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच माणूस सापडण्याचे असे प्रसंग दुर्मीळ, म्हणून ते गाव आज अकेडियन वंशजांचं एक तीर्थच झालं आहे.

फ्रान्समध्ये राहिलेल्यांपैकी सुमारे १,६०० जण १७८५मध्ये स्पॅनिश राजाच्या खर्चाने सात जहाजांतून लुइझियानाला गेले. या जहाजांच्या याद्या नीट आहेत: नवरा, बायको, मुलं, वयं, धंदा. तीस वर्षं चार देशांत पांगलेली नाती त्या याद्यांत पुन्हा एका ओळीत येतात. विधवा आणि तिची आधीच्या लग्नाची मुलं, पोरका पुतण्या, म्हातारी सासू. आणि नवऱ्याच्या नावाखाली प्रत्येक बाई आपल्या माहेरच्या आडनावाने.